बोले ठराव आणि महाडचे चवदार तळे : बिनसरकारी ठरावाची मर्यादा व सामर्थ्य

१९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर प्रांतिक कायदेमंडळातील बिनसरकारी सभासदांच्या हाती प्रश्न आणि ठराव ही प्रमुख साधने होती. ठराव संमत झाला, तरी तो सरकारवर बंधनकारक नसे. त्याचे स्वरूप शिफारशीचे असे. रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीसारख्या खेड्यांचे तालुक्याचे ठिकाण असलेल्या महाडचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी ती शिफारस होती. सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी आपल्या खात्यांना अंमलबजावणीचा आदेश दिला. स्थानिक संस्थांना मात्र केवळ सल्ला मिळाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात सवर्णांच्या विरोधामुळे तो कागदावरच राहिला. म्हणून ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव बोले यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये मांडला.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. हा वाद उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला.

सारांश, कायदेमंडळातील ठरावाने मागणीला अधिकृत आधार दिला. तिची पूर्तता मात्र लोकचळवळ आणि दीर्घ न्यायालयीन लढा यांमुळेच झाली.