शेन्झेनचा लिलाव

१ डिसेंबर १९८७ रोजी चीनमधल्या शेन्झेन शहरात जमिनीचा लिलाव झाला. विकला गेला तो ८,५८८ चौरस मीटर भूखंडाचा ५० वर्षांचा वापरहक्क; बोली ५२ लाख ५० हजार युआनवर थांबली. चीनमध्ये शहरातली जमीन सरकारच्याच मालकीची, आणि असा हक्क हस्तांतरित करायला तेव्हा राज्यघटनेत मुभाच नव्हती. घटनादुरुस्ती झाली एप्रिल १९८८मध्ये. आधी प्रयोग, मग कायदा, असा हा क्रम होता. १९९४च्या नव्या कररचनेनंतर महसुलाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला आणि स्थानिक सरकारांनी रस्ते, जलवाहिन्या, नव्या वसाहती यांसाठी असे वापरहक्क विकून मिळणाऱ्या पैशावर भिस्त ठेवली. ज्यांची शेती त्यासाठी घेतली, त्यांना मोबदला मिळाला तो पिकाच्या सरासरी उत्पन्नाच्या पटीत. लिलावातल्या भावाशी त्याचा काहीही संबंध नव्हता.