किरणोत्सारी औषधाचा हिशोब कोण ठेवतो? सीमाभागातून मेडिकल फिजिसिस्ट होण्याची वाट

बेळगाव : जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते बेळगावात केएलई संस्थेच्या कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन झालं. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातील रुग्ण वर्षानुवर्षे कोल्हापूर, मिरज, नाहीतर थेट मुंबईच्या ‘टाटा’ची वाट धरत आले आहेत. कॅन्सर रुग्णालय म्हटलं की डॉक्टर आणि नर्स डोळ्यांपुढे येतात. पण किरणोपचारात पडद्यामागे आणखी एक माणूस लागतो. तो डॉक्टर नसतो, फिजिक्स शिकलेला असतो. त्याला मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात.

डोसिमेट्री म्हणजे काय?

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणं बाहेरच्या मशीनमधून येत नाहीत. किरणोत्सारी औषध रुग्णाला तोंडाने किंवा शिरेतून दिलं जातं आणि ते ठरावीक अवयवात जाऊन बसतं. थायरॉईडसाठी आयोडीन-१३१ आणि न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी ल्युटेशियम-१७७ ही ठळक उदाहरणं. औषध किती दिलं हे मोजणं सोपं आहे. त्यातलं गाठीत किती गेलं, किडनीत किती गेलं आणि तिथं किती दिवस राहिलं, हा हिशोब म्हणजे डोसिमेट्री. उत्तर ‘ग्रे’ या एककात येतं. एक किलो वजनाच्या ऊतींनी एक ज्यूल ऊर्जा शोषली की झाला एक ग्रे.

एक उदाहरण घेऊ. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य सुमारे ८ दिवस. पण शरीरही ते आपल्या गतीने बाहेर टाकत असतं. एखाद्याच्या थायरॉईडमधून निम्मं आयोडीन बाहेर पडायला २४ दिवस लागत असतील, तर दोन्ही गोष्टी मिळून प्रत्यक्ष अर्धायुष्य ६ दिवसांचं होतं. दुसऱ्याचं शरीर तेच काम ८ दिवसांत करत असेल, तर ते ४ दिवसांवर येतं. दोघांना औषध सारखंच दिलं, ग्रंथीचं वजन सारखं आणि सुरुवातीला तिथं सारखंच बसलं, तरी पहिल्याला दीडपट डोस मिळतो. वरवर बघून यातलं काहीच कळत नाही.

ल्युटेशियम उपचारात साधारणपणे दर वेळी ७.४ गिगाबेक्वेरेल, असे चार डोस देतात. किडनीसाठी २३ ग्रे ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरली जाते. तो आकडा मुळात बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणोपचाराच्या अनुभवावरून आलेला आहे. कुणाच्या किडनीला प्रत्यक्षात किती मिळालं, हे औषध दिल्यावर काही तासांनी आणि पुढच्या काही दिवसांत पुन्हा पुन्हा स्कॅन करूनच काढता येतं. तरीही अनेक केंद्रांत सगळ्यांना एकच ठरलेला डोस दिला जातो. मोजलंच नाही तर कुणाला उपचार अपुरा पडला आणि कुणाच्या किडनीवर जास्तीचा भार आला, दोन्ही कळत नाहीत.

शिक्षण कुठं, किती?

बीएस्सीनंतर मुख्य वाटा दोन. पहिली, एमएस्सी फिजिक्स करून रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हा एक वर्षाचा अभ्यासक्रम १९६२ पासून चालतो. दुसरी, थेट मेडिकल किंवा रेडिएशन फिजिक्समध्ये एमएस्सी. बंगळूरच्या किदवई संस्थेत आणि मणिपालमध्ये अशी सोय आहे. निपाणीकरांना जवळ म्हणजे कोल्हापूरचं डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ. दोन्ही वाटांनी गेलं तरी मान्यताप्राप्त किरणोपचार विभागात वर्षभराची इंटर्नशिप करावी लागते. रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ, व्हायचं तर त्याची पात्रता वेगळी मिळवावी लागते.

न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट हे पद निराळं आहे. स्कॅन घेणं आणि औषध तयार करणं ही त्याची मुख्य कामं. परळला टाटा रुग्णालयाच्या आवारातलं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात काम करतं आणि तिथं टेक्नॉलॉजिस्ट घडतात. प्रवेश घेताना विद्यार्थ्यांची या दोन पदांत गल्लत होते. म्हणून फी भरण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या नियमांत तो अभ्यासक्रम कोणत्या पदासाठी चालतो, हे तपासून घ्यावं.

पदवीनंतर एकट्याचं काम नाही

मेडिकल फिजिक्सच्या अभ्यासक्रमात मोठा वाटा बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणोपचाराचा असतो. न्यूक्लिअर मेडिसिनची डोसिमेट्री बरीचशी नोकरीत आल्यावर शिकावी लागते. त्यातच जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात एक-दोनच फिजिसिस्ट असतात. आपलं गणित बरोबर की चूक, हे विचारायला शेजारच्या टेबलावर कुणी नसतं.

हे विचारणं किती गरजेचं आहे, ते २०२१ मध्ये दिसलं. अमेरिकेतील न्यूक्लिअर मेडिसिन सोसायटीने ल्युटेशियम घेतलेल्या रुग्णांचे तेच स्कॅन जगभरातील केंद्रांना दिले आणि डोस काढायला सांगितला. स्कॅन एकच असूनही उत्तरांत फरक पडला. अवयवाची सीमा आखण्यापासून आलेख जुळवण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर माणसाचा निर्णय असतो, आणि तो इतरांशी ताडून पाहिल्याशिवाय पक्का होत नाही.

त्यासाठी आपल्याकडे संघटना आहेत. असोसिएशन ऑफ मेडिकल फिजिसिस्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे ‘आम्पी’, १९७६ पासून काम करते. तिचं वार्षिक अधिवेशन भरतं आणि जर्नल ऑफ मेडिकल फिजिक्स हे नियतकालिक निघतं. न्यूक्लिअर मेडिसिनमधील फिजिसिस्टांची देशपातळीवर वेगळी संघटनाही आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं ‘ह्यूमन हेल्थ कॅम्पस’ हे अभ्यास-साहित्य फुकट मिळतं. मेरी क्युरी यांचा जन्मदिवस, ७ नोव्हेंबर, हा जागतिक मेडिकल फिजिक्स दिन. त्या निमित्ताने ठिकठिकाणी व्याख्यानं आणि कार्यशाळा होतात.

बेळगाव, निपाणीच्या कॉलेजांतून दरवर्षी फिजिक्स घेऊन मुलं-मुली बीएस्सी होतात. पुढं काय, असं विचारलं की शिक्षकी पेशा नाहीतर स्पर्धा परीक्षा, एवढंच कानावर येतं. त्या यादीत ही तिसरी वाटही असायला हवी. मशीन पैसे टाकून विकत आणता येतं. त्यातून रुग्णाला नेमकं किती मिळालं हे सांगणारा माणूस तयार व्हायला मात्र बीएस्सीनंतर तीन-चार वर्षं तरी लागतात.