दौलताबादच्या माळावरचे बाण

आज ज्याला रॉकेट म्हणतात त्याला मराठीत शतकानुशतके बाण हाच शब्द होता, आणि धनुष्याच्या बाणालाही तोच शब्द असल्यामुळे जुन्या मराठी कागदांत बाण लागल्याचा उल्लेख आला की तो तिराचा घाव की दारूच्या नळीचा, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. फारसी इतिहासकारांनी धनुष्याच्या बाणाला तीर म्हटले व दारूच्या अस्त्रासाठी ‘बान’ हा इथलाच शब्द उचलला, त्यामुळे दख्खनेतील या अस्त्राचा माग त्यांच्या लेखनात अधिक स्पष्ट लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरापुरते पाहिल्यास असा एक ठळक उल्लेख जहांगीर बादशाहाच्या आत्मवृत्तात, म्हणजे ‘तुझुक-इ-जहांगिरी’त, सापडतो, तो १६१२ च्या मोहिमेचा असून तेव्हा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी, म्हणजे आजचे शहर, वसवून जेमतेम दोन वर्षे झाली होती.

त्या वर्षी गुजरातचा सुभेदार अब्दुल्लाखान फिरोजजंग नाशिकच्या वाटेने दौलताबादेवर चालून आला. वऱ्हाड-खानदेशाकडून दुसरी मोगली फौज एकाच वेळी यावी आणि दोहोंच्या मध्ये अंबर सापडावा, असा बेत होता; परंतु अब्दुल्लाखान एकटाच पुढे आला, दुसऱ्या फौजेची खबर लागेना, आणि अंबरच्या बारगिरांनी त्याला चहूबाजूंनी घेरून रात्र पडल्यापासून उजाडेपर्यंत त्याच्या तळावर बाणांचा व इतर दारूकामाचा मारा सुरू ठेवला. अखेर मोगलांना बागलाणमार्गे गुजरातेत परतावे लागले, आणि त्या माघारीत झुल्फिकार बेग नावाचा सरदार पायाला बाण लागून मरण पावल्याचे बादशाहाने नोंदवले आहे.

या बाणाची घडण साधी होती. एका टोकाला बंद असलेल्या नळीत सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू ठासून भरली जाई, दुसऱ्या टोकाच्या छिद्रातून जळता वायू वेगाने बाहेर पडे, आणि नळीला बांधलेली बांबूची लांब काठी मागे शेपटासारखी राहून तिची दिशा सांभाळी. काठीचे कार्य असे की हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो दाबमध्य तिच्यामुळे गुरुत्वमध्याच्या मागे राहतो, व नळीचे तोंड वळू लागले तर हवाच ते पुन्हा मार्गावर आणते; मात्र पुढची दारू जळून नळी हलकी होऊ लागली की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि उड्डाणाच्या उत्तरार्धात बाण भरकटू लागतो. या भरकटण्यावरून त्याला कुचकामी ठरवणे हा त्याच्या हेतूवर अन्याय आहे, कारण रात्री तळावर सोडलेल्या बाणाला नेमके लक्ष्य गाठायचेच नसे; फुत्कारत, ठिणग्या उधळत, अनपेक्षित दिशेला वळणारी आग घोडे, हत्ती आणि बैल यांना उधळून लावी, आणि तोफेला लागणारे गाडे व बैल यांच्यावाचून हे काम चपळ घोडदळाला करता येई. गनिमी काव्याला इतके साजेसे दुसरे दारूचे हत्यार त्या काळात नव्हते.

पुढे ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या बाणांनी निजामाच्या फौजेवर मारा केला. त्याच शतकाच्या अखेरीस म्हैसूरच्या लोखंडी नळीच्या बाणांनी इंग्रजांना चकित केले, श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांतील काही इंग्लंडला गेले, आणि विल्यम काँग्रीव्हने तेथे त्यांची सुधारित आवृत्ती तयार केली. दख्खनेत मात्र बाण हळूहळू युद्धातून उतरून उत्सवाच्या दारूकामात उरला.

या सर्व बाणांत एक गोष्ट समान होती: जळणाला लागणारा प्राणवायू सोऱ्याच्या रूपाने दारूतच कालवलेला असे, म्हणून एकदा पेटलेला बाण विझवता येत नसे. हायब्रीड, म्हणजे संमिश्र, रॉकेटने ही दोन द्रव्ये वेगळी केली. यात इंधन घन असते आणि प्राणवायू पुरवणारे द्रव्य वेगळ्या टाकीतून झडपेद्वारे येते. झडप मिटली की ज्वलन थांबते. सोव्हिएत संघात १७ ऑगस्ट १९३३ रोजी उडालेले पहिले असे रॉकेट घट्ट केलेले पेट्रोल व द्रव ऑक्सिजन यांवर चालले. आजच्या शिकाऊ रचनाकाराच्या हाती बहुधा नायट्रस ऑक्साईड आणि एचटीपीबी हे रबरासारखे इंधन असते. भारतीय अग्निबाणांच्या घन इंधनांत एचटीपीबी हे ज्वलनशील बंधकद्रव्य म्हणून वापरले जाते, आणि त्या घन इंधनांच्या विकासात वसंत गोवारीकर यांचा मोठा वाटा होता, ही मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

अशा रॉकेटची पहिली रचना करताना खडकीचे ऊनही हिशेबात धरावे लागते. नायट्रस ऑक्साईड सुमारे ३६.४ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबले तरी द्रवरूपात राहत नाही, आणि मराठवाड्याच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा टाकीतला दाब धोकादायकरीत्या वाढतो व इंजिनाचे गणित बिघडते, म्हणून टाकी थंड ठेवणे अथवा उड्डाण हिवाळ्याच्या पहाटेस ठेवणे भाग पडते. टाकी रिकामी होताना गुरुत्वमध्य सरकतो, यास्तव भरलेल्या आणि रित्या अशा दोन्ही अवस्थांत स्थैर्य तपासावे लागते. बांबूच्या काठीची जुनीच अडचण येथे पंखांच्या मापात सोडवायची असते.

परतीचा विचार मात्र सर्वस्वी नवा आहे. अंबरच्या बाणदाराला सोडलेला बाण परत नको होता. आजच्या रचनाकाराला यंत्र सुखरूप हवे असते, आणि त्यासाठी दोन टप्प्यांत छत्र्या उघडतात. सर्वोच्च बिंदूला लहान छत्री उघडून रॉकेट बऱ्याच वेगाने पण ताब्यात खाली येते, कारण मोठी छत्री तेथेच उघडली तर वारा त्याला कित्येक शेते पलीकडे नेईल; मोठी छत्री जमिनीपासून सुमारे २०० मीटरवर, म्हणजे दौलताबादचा डोंगर पायथ्यापासून जितका उंच आहे साधारण तितक्या उंचीवर, उघडते. ही उंची हवेचा दाब मोजणारे छोटे यंत्र ठरवते, आणि त्याच्या इशाऱ्यावर छत्री कप्प्यातून बाहेर ढकलण्याचे काम बहुतेक वेळा एकदोन ग्रॅम काळी दारू करते: तोच सोरा, तोच गंधक, तोच कोळसा.