कॅनव्हासची मूठ: बीएसए एम-२० आणि जीर्णोद्धाराचा न्याय

१/ बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२६,००० एम-२० मोटारसायकली बनवल्या. ४९६ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन, चार गिअर, मागे सस्पेन्शन नाही. वेग बेताचा, पण मोजक्या अवजारांनी रस्त्यातच दुरुस्त होणारे हे यंत्र लष्करी संदेशवाहकांच्या कामाचे होते.

२/ अशी गाडी पूर्ववत करताना पहिला प्रश्न असतो: ही कोणत्या वर्षाची? कारण युद्धाबरोबर तिचे रूपही बदलत गेले. १९४२ च्या आरंभी मलाया जपानच्या ताब्यात गेला आणि ब्रिटनचा रबराचा मोठा स्रोत तुटला. मग हँडलच्या मुठींवर रबराऐवजी कॅनव्हास आले, फूटरेस्ट उघड्या लोखंडाचे झाले.

३/ तिचा साजही तसाच बोलका. शत्रूच्या विमानांना प्रकाश दिसू नये म्हणून हेडलाइटवर झाकण. मागे कॅनव्हासच्या पिशव्या. वाळवंटातील धुळीसाठी टाकीवर मोठा एअर फिल्टर. टाकीवरच ‘सी’ने सुरू होणारा लष्करी क्रमांक.

४/ म्हणूनच क्रोम आणि चकचकीत रंग चढवला की गाडी देखणी होते, पण साक्ष मुकी होते. जुन्नर-आंबेगावात लेणी आणि किल्ले पाहत वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखाची अक्षरे झिजली, म्हणून ती कुणी नव्याने कोरत नाही.

५/ तोच न्याय लोखंडालाही लागू आहे. झिजलेला पिस्टन बदलावा, गाडी चालती ठेवावी. मुठीवरचे कॅनव्हास मात्र जपावे. मलायाच्या पाडावाचा तो हाताला लागणारा पुरावा आहे.