सांच्याला

सातारा-सांगलीकडे ‘संध्याकाळी ये’ म्हणणारा एक तर पाहुणा असतो, नाहीतर मास्तर. बाकीचे ‘सांच्याला ये’ म्हणतात. म्हणजे सांजच्याला, मधला ‘ज’ घाईत गिळलेला.

सांज आली संस्कृत ‘संध्या’तून, प्राकृत ‘संझा’च्या वाटेनं. त्याच वाटेनं वंध्येची वांझ झाली, अन् ‘मध्य’चं माज, म्हणून घराच्या मधोमध असतं ते माजघर. ‘संध्या’च्या पोटात मात्र सांधणं आहे. सुताराचा सांधा आणि आपली सांज एकाच कुळातली. दिवस-रात्रीचा जोड, एवढाच तिचा मूळ अर्थ. (सकाळचाही जोडच की! पण मराठीनं सांज म्हटलं ते मावळतीलाच.)

साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर हा सांधा बघावा. वरच्या पायऱ्या अजून तांबूस, खालच्या काळ्या. मधली एक पायरी कुठल्या रंगाची, ते काही केल्या ठरत नाही.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. पोरांनी अभ्यास करायचा. शांततेसाठी भोंगा, हे मला गमतीचं वाटतं. पूर्वी हे काम आजीच्या एका हाकेवर व्हायचं: ‘कडुसं पडलं, दिवा लावा गं!’ मग उंबऱ्यावर कुणी बसायचं नाही, झोपलेल्याला उठवायचं, आणि केरसुणी कोपऱ्यात जायची ती सकाळपर्यंत.