शेतसाऱ्याचा पैसा आणि शाळा

जोतीराव फुले 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे उभे राहिले, तेव्हा पुण्यात शाळा काढून चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. म्हणून त्यांचे निवेदन मला नीतीच्या आवाहनापेक्षा हिशेबाचा वाद वाटते. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्या निवेदनानुसार दहापैकी जवळपास नऊ गावांत प्राथमिक शाळेची सोयच नव्हती. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सरकारी युक्तिवाद या एका आकड्यापुढे टिकत नाही.

परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धतही त्यांना गरिबांसाठी गैर वाटली. निकाल न पाहता पैसा दिला तर शाळा आळसावतील, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकाल आधी मागणे म्हणजे सर्वांत गरजू शाळेचाच पैसा तोडणे. उच्च शिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता. क्रम चुकला, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते. किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण त्यांनी तेव्हाच मागितले. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा देशव्यापी कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला.