मालवणने डोन्सोल व्हायचं की ओस्लोब?

मालवण-तारकर्लीच्या स्कुबाची चर्चा निघाली की फिलिपिन्समधल्या डोन्सोलची गोष्ट सांगावीशी वाटते.

तेही साधं मच्छीमारांचं गाव. १९९८ च्या सुरुवातीला हौशी डायव्हर्सनी तिथल्या व्हेल शार्कचं चित्रीकरण केलं आणि बातमी देशभर गेली. पाठोपाठ शिकारीही पोचले, काही मासे मारले गेले. लोक खवळले. त्याच मार्चमध्ये सरकारने देशभर व्हेल शार्कची शिकार आणि विक्री बंद केली.

खरी गोष्ट पुढे आहे. गावातल्याच मच्छीमारांना शिकवून वाटाडे केलं. नियम कडक: एका माशामागे एकच बोट, पाण्यात सहाच पर्यटक, हात लावायचा नाही.

संशोधनालाही हातभार लागला. प्रत्येक व्हेल शार्कच्या कल्ल्यांमागचे ठिपके वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. पर्यटकांच्या फोटोंवरून कुठला मासा परत आला ते कळतं. हे ठिपके जुळवायचं गणित मूळचं खगोलशास्त्रातलं, आकाशातले तारे जुळवायचं!

त्याच देशात ओस्लोबला मात्र बारीक कोळंबी चारून मासे किनाऱ्याशी थांबवतात. गर्दी जोरात, टीकाही तेवढीच.

आपल्याकडे २००१ पासून व्हेल शार्कला वाघाच्या बरोबरीने कायद्याचं संरक्षण आहे. कोकणात तो जाळ्यात अडकला, तर जाळं कापून त्याला सोडणारा आपलाच मच्छीमार असतो. मग पर्यटनाच्या पैशातला वाटा त्याला आणि अभ्यासाला का मिळू नये?

मासा जिवंत, तर धंदा जिवंत. तुम्हाला काय वाटतं?